मरणपंथाला लागलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा कसा वाचवावा

संगणक सुरू व्हायला एका मिनिटाऐवजी दहा मिनिटे लागू लागतात, फोटोंचा फोल्डर उघडताना पडदा गोठतो, फाइल कॉपी होत असताना पट्टी अर्ध्यावर थांबते आणि मग वेग शून्यावर येतो. अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करतात आणि त्याने भागले नाही की डिस्क 'रिपेअर' करायला घेतात. दोन्ही उपाय घातक आहेत. बिघडू लागलेल्या डिस्कमध्ये थोडेच काम करण्याची ताकद उरलेली असते आणि ती किती आहे हे आधी कळत नाही. म्हणून ती दुरुस्तीवर न घालवता आधी संपूर्ण प्रत काढून घ्यावी आणि जी काही दुरुस्ती, शोधाशोध किंवा प्रयोग करायचे असतील ते त्या प्रतीवर करावेत. पुढे जे सांगितले आहे ते याच क्रमाने सांगितले आहे, आणि हा क्रम बदलू नये.

हे मार्गदर्शन फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कसाठी आहे. एसएसडीविषयी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपांवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कविषयी, शेवटी थोडे लिहिले आहे.

आधी कान लावून ऐकावे

हार्ड डिस्कच्या डबीत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरत असतात आणि त्यांच्यावर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगणारे हेड माहिती वाचते व लिहिते. हेड आणि तबकडी यांच्यातील अंतर मोजक्या नॅनोमीटरचे असते. माणसाचा केस त्याहून हजारो पटींनी जाड असतो. इतक्या कमी अंतरावर धुळीचा कण म्हणजे वाटेतला धोंडाच. हेड एकदा तबकडीला घासले, की तिच्यावरचा चुंबकीय लेप खरवडला जातो, आणि त्या लेपावरची माहिती जगातले कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

म्हणून काहीही करण्याआधी डिस्कचा आवाज ऐकावा. ठरावीक अंतराने खट्-खट् असा आवाज येत असेल, तर हेड आपली जागा शोधण्याचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा अपयशी ठरत आहे असे समजावे. घासल्यासारखी करकर येत असेल, तर परिस्थिती त्याहून वाईट आहे. डिस्क बारीक बीप करते पण फिरत नाही, असे असेल तर बहुधा हेड तबकडीला चिकटले आहे किंवा मोटर अडकली आहे. या तिन्ही प्रसंगी वीज लगेच बंद करावी आणि डेटा मोलाचा असेल तर तज्ज्ञाकडे जावे. घरी करण्यासारखे इथे काही नाही. डिस्क हातातून पडली असेल, तर आवाज येत नसला तरी ती 'चालते का पाहू' म्हणून लावून पाहण्याचा मोह टाळावा. मात्र डिस्क नेहमीसारखी फिरते, संगणकाला दिसते, पण संथ झाली आहे किंवा काही फायली वाचताना अडते, अशी अवस्था असेल, तर पुढील कृती घरी करता येते.

इथेच तीन प्रचलित समजुतींचा निकाल लावलेला बरा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवल्याने ती चालू लागते असे अजूनही कोणी ना कोणी सांगतोच. बाहेर काढल्यावर तबकड्यांवर दव धरते आणि उरलीसुरली आशा जाते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी दमट हवेत तर याची खात्रीच बाळगावी. डिस्कचे झाकण घरी उघडू नये. ते काम धूळविरहित कक्षात करायचे असते. तसेच 'त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणून खालची हिरवी प्लेट (सर्किट बोर्ड) बदला' हा सल्ला खूप जुन्या डिस्कांच्या बाबतीत कधीकधी लागू पडत असे. आताच्या डिस्कांत त्या प्लेटवरील एका चिपमध्ये त्या एकाच डिस्कची जुळवणी साठवलेली असते, त्यामुळे ती चिप न हलवता केलेली अदलाबदल सहसा व्यर्थ जाते.

दोष डिस्कचाच आहे का?

सोपी गोष्ट आधी तपासावी. डेस्कटॉपमधील साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी तार) सैल झाली असेल, तर लक्षणे हुबेहूब खराब डिस्कसारखी दिसतात. केबल बदलावी, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून पाहावा. बाहेरची यूएसबी डिस्क असेल, तर ती हबला न लावता थेट संगणकाला, आणि डेस्कटॉप असल्यास मागच्या बाजूच्या पोर्टला लावावी. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर वीज देतो. थकलेल्या डिस्कला सुरुवातीला फिरण्यासाठी जास्त वीज लागते आणि लांब, स्वस्त केबलमध्ये ती कमी पडते. निव्वळ केबल बदलल्याने 'मेलेली' डिस्क उठून बसल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

त्यानंतर स्मार्ट नोंदी पाहाव्यात. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. विंडोजवर ती क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने आणि लिनक्सवर 'डिस्क्स' या साधनाने वाचता येते. यादी लांबलचक असते, पण आपल्याला चारच आकडे पाहायचे आहेत. क्रमांक ५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरील माहितीचे लहान कप्पे. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाविना ताटकळत असलेले सेक्टर. क्रमांक १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही वाचता न आलेले सेक्टर. या तिन्हींचा मूळ आकडा शून्य असावा. तो वाढत असेल तर डिस्क खालावत आहे. क्रमांक १९९ हा आकडा मात्र डिस्क आणि संगणक यांच्यामधील देवाणघेवाणीत झालेल्या चुका मोजतो, आणि बाकीचे तीन शून्य असताना हा एकटाच मोठा असेल तर संशय केबलवर घ्यावा.

स्मार्टने 'सर्व ठीक' म्हटले म्हणून निर्धास्त होऊ नये. गुगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी सर्वांत महत्त्वाच्या चार स्मार्ट निकषांवर आधी कोणतीही खूण दाखवली नव्हती. उलट, तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक न आढळलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. थोडक्यात, स्मार्टने धोका सांगितला तर विश्वास ठेवावा. धोका नाही असे सांगितले तर ठेवू नये. आणि नोंदी वाचून झाल्या की तिथेच थांबावे: 'डिस्क्स'सारख्या साधनात दिसणारी 'दीर्घ चाचणी' सुरू करू नये, कारण ती संपूर्ण डिस्क वाचते आणि तेवढ्याच श्रमात आपली प्रत निघाली असती.

काय करू नये

चेकडिस्क चालवू नये. ही आज्ञा फायलींची रचना सुसंगत करण्यासाठी आहे, फायली वाचवण्यासाठी नाही. ती डिस्कवर लिहिते, आणि वाचता न आलेल्या नोंदी काढून टाकून रचना 'सुसंगत' झाल्याचे समाधानाने सांगते. विंडोज 'वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल' असे विचारते तेव्हा नकार द्यावा. डीफ्रॅग, संपूर्ण अँटिव्हायरस तपासणी, विंडोज पुन्हा टाकणे, डेटा परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणे, यांतले काहीही करू नये. डिस्कवर विंडोजच असेल तर ती डिस्क बूटच करू नये, कारण नुसते सुरू होताना विंडोज शेकडो ठिकाणी लिहिते आणि मध्येच स्वयंदुरुस्तीही आरंभते. गल्लीतल्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे यंत्र देताना 'डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नका' हे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्यावे.

एक अपवाद मी मान्य करतो. हवी असलेली गोष्ट अगदी लहान आणि नेमकी असेल, उदाहरणार्थ टॅलीचा डेटा फोल्डर किंवा प्रबंधाची एकच फाइल, आणि डिस्क अजून उघडत असेल, तर तेवढी आधी उचलून घ्यावी. पण एकदाच. कॉपी अडली तर पुन्हा प्रयत्न करू नये, डिस्क काढावी आणि प्रतीच्या मार्गाला लागावे.

साहित्याची जुळवाजुळव

एक निरोगी संगणक, शक्यतो लॅपटॉप, कारण प्रत काढायला तास किंवा दिवस लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी वेळ देते. एक रिकामी डिस्क, जी मूळ डिस्कपेक्षा मोठी असावी. मूळ डिस्क १ टीबीची असेल आणि तिच्यात २०० जीबीच भरले असले, तरी प्रत संपूर्ण १ टीबीची निघते, म्हणून २ टीबीची डिस्क घ्यावी. ती एनटीएफएस, एक्सफॅट किंवा ईएक्सटी४ या रचनेत फॉरमॅट केलेली असावी. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि प्रत त्या मर्यादेवर आदळते. संगणकातून काढलेली डिस्क जोडण्यासाठी साटा ते यूएसबी अडॅप्टर लागतो. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या वीजजोडणीसह येणारा अडॅप्टरच मागावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असे अडॅप्टर सहज मिळतात.

बाहेरची डिस्क असेल तर तिची डबी फोडण्याआधी विचार करावा. काही पोर्टेबल डिस्कांमध्ये यूएसबी जोडणी डिस्कच्याच प्लेटवर असते, आत साटाचे तोंडच नसते. काहींत मधली चिप सर्व माहिती कूटबद्ध करून लिहिते आणि ती चिप बाजूला काढली की आतला डेटा निरर्थक अक्षरांचा ढीग होतो.

शेवटची वस्तू म्हणजे १६ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर रुफस या साधनाने उतरवलेले उबुंटू लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणक प्रणाली. लॅपटॉप या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय उबुंटू' हा पर्याय निवडावा. हे लिनक्स सगळे मेमरीत चालते. त्यामुळे त्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली कोणतीही गोष्ट संगणक बंद करताच नाहीशी होते, हे पुढच्या कामात पक्के लक्षात ठेवावे.

प्रत काढणे

वापरायचे साधन म्हणजे ग्नू डीडीरेस्क्यू. आंतोनियो दिआस दिआस यांनी लिहिलेला हा मोफत प्रोग्रॅम नेमक्या याच कामासाठी आहे. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडते आणि तिथेच डोके आपटत राहते. डीडीरेस्क्यू मात्र अडलेली जागा सोडून पुढे जातो, आधी सहज वाचता येणारा सगळा भाग गोळा करतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो. कुठला भाग मिळाला, कुठला राहिला याची नोंद तो एका मॅप फाइलमध्ये ठेवतो. या फाइलमुळे काम कधीही थांबवता येते आणि जिथे सोडले तिथून पुन्हा सुरू करता येते. उबुंटूमध्ये इंटरनेट जोडून हा प्रोग्रॅम टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून, बसवावा लागतो आणि इथे नवख्यांची हमखास फसगत होते: पॅकेजचे नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे, पण चालवण्याची आज्ञा 'डीडीरेस्क्यू' आहे. सुरुवातीला 'जी' नसलेले पॅकेज हे वेगळ्याच प्रोग्रॅमचे आहे.

आता डिस्क जोडाव्यात, आधी रिकामी आणि मग आजारी. आजारी डिस्कचे विभाग (पार्टिशन) उबुंटूने आपोआप उघडले असतील तर 'डिस्क्स' साधनात जाऊन ते अनमाउंट, म्हणजे बंद, करावेत. त्याच खिडकीत प्रत्येक डिस्कचे मॉडेल, सीरियल क्रमांक, आकार आणि लिनक्सने दिलेले नाव दिसते; ते नाव आधी तिरकी रेघ, मग 'डेव्ह' हा शब्द, पुन्हा तिरकी रेघ आणि 'एसडीए', 'एसडीबी' किंवा 'एसडीसी' असे असते. डिस्कच्या लेबलवरचा सीरियल क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि नाव कागदावर लिहून घ्यावे. या कामातली सर्वांत भयंकर चूक म्हणजे मूळ आणि प्रत यांची अदलाबदल, कारण मग रिकाम्या डिस्कवरची शून्ये तुमच्या डेटावर लिहिली जातात. थेट दुसऱ्या डिस्कवर प्रत न काढता प्रतिमा-फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रत सामावणारी एकच मोठी फाइल, तयार करावी असा माझा आग्रह याच कारणासाठी आहे: फाइलवर लिहिताना हा अपघात घडवायला बरेच कष्ट पडतात.

आज्ञेतला क्रम असा असतो: आधी 'सुडो' (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द), मग प्रोग्रॅमचे नाव, मग पर्याय, त्यानंतर मूळ डिस्कचे नाव, त्यानंतर प्रतिमा-फाइलचा पत्ता आणि सर्वांत शेवटी मॅप फाइलचा पत्ता. टंकताना अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरे वापरायची. शेवटचे दोन्ही पत्ते निरोगी बाह्य डिस्कवरचेच असले पाहिजेत. मॅप फाइल होम फोल्डरमध्ये ठेवली आणि रात्री लॅपटॉप बंद झाला, तर सगळ्या कामाचा हिशेब हरवतो. पहिल्या फेरीत पर्याय म्हणून उणे चिन्ह आणि 'एन' एवढेच द्यावे. त्याचा अर्थ, वाचता न आलेल्या जागा खरवडत बसू नका, सोपे आहे तेवढे आणा.

काम सुरू झाल्यावर पडद्यावर किती टक्के मिळाले, वेग काय आहे, चुका किती झाल्या आणि शेवटचे यशस्वी वाचन केव्हा झाले हे दिसत राहते. निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने सुमारे पावणेतीन तासांत वाचून होते. आजारी डिस्कला दोन दिवसही लागू शकतात. वेग अधूनमधून पडणे स्वाभाविक आहे. मात्र डिस्क हाताला चटका बसेल इतकी तापली किंवा खट्-खट् सुरू झाली, तर कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून काम थांबवावे. तापली असल्यास डिस्क थंड होऊ द्यावी, तिच्यावर टेबलफॅनचा झोत सोडावा आणि तीच आज्ञा पुन्हा द्यावी. खटखट असेल तर पुन्हा सुरू करू नये. डिस्क काढून परत लावली की लिनक्स तिला कधीकधी नवे नाव देते, काल 'एसडीबी' असलेली आज 'एसडीसी' होते, म्हणून प्रत्येक वेळी सीरियल क्रमांक पुन्हा ताडून पाहावा.

पहिली फेरी संपल्यावर ९९ टक्क्यांहून अधिक मिळाले असेल, तर बऱ्याचदा पुढे जाण्याची गरजच नसते. तरी उरलेल्यासाठी दुसरी फेरी करायची असल्यास 'एन' काढून त्याजागी 'डी' आणि 'आर३' हे पर्याय द्यावेत: पहिला लिनक्सच्या मधल्या साठ्याला वगळून डिस्क थेट वाचतो, दुसरा प्रत्येक खराब जागेला आणखी तीन संधी देतो. या फेरीतच डिस्क दगावण्याचा धोका सर्वाधिक असतो. पण तोवर सोपा भाग हाती आलेला असतो, म्हणून हा जुगार परवडतो.

प्रतीवरचे काम

आजारी डिस्क काढून, चिठ्ठी लावून बाजूला ठेवावी. 'डिस्क्स' साधनाच्या मेनूतून प्रतिमा-फाइल 'केवळ वाचन' पर्यायासह जोडावी. ती खऱ्या डिस्कसारखी दिसू लागते आणि फोल्डर उघडून फायली उचलता येतात. विंडोजचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळे 'यूजर्स' फोल्डरमध्ये असते. विभाग बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्धीकरणाने बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. विंडोजच्या नव्या लॅपटॉपमध्ये मालकाला कल्पना नसतानाही हे कूटबद्धीकरण चालू असू शकते आणि की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

फोल्डर उघडलेच नाहीत तर क्रिस्तॉफ ग्रेनिये यांची दोन मोफत साधने हाताशी आहेत. टेस्टडिस्क हरवलेले विभाग शोधते आणि बऱ्याचदा फोल्डर नावांसह परत दाखवते, म्हणून आधी तेच वापरावे. ते हरले तर फोटोरेक. हे साधन फायलींची रचना न पाहता प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवातीची ठरावीक खूण ओळखून तिला उचलते, त्यामुळे फोटो भरपूर मिळतात, पण नावे आणि फोल्डर हरवतात. हजारो फायली क्रमांकांच्या नावाने समोर पडतात आणि फोटोंच्या आत नोंदलेल्या तारखांवरून त्या लावाव्या लागतात. टॅलीसारख्या, अनेक फायली मिळून एक हिशेब होणाऱ्या डेटासाठी फोटोरेक जवळजवळ निरुपयोगी आहे.

मराठी डीटीपीचे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेला मजकूर त्याच फाँटशिवाय उघडला तर 'ÉÊ' सारखी चिन्हे दिसतात आणि फाइल बिघडली असे वाटते. मजकुरासोबत विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरमधील फाँटही उचलावेत. जुन्या दिवाळी अंकाच्या पानांपेक्षा ते फाँट पुन्हा मिळवणे अवघड जाऊ शकते.

फाइल यादीत दिसते म्हणजे ती शाबूत आहे असे नाही. न वाचलेल्या जागी प्रतीत शून्ये भरलेली असतात. असा फोटो उघडला तर खालचा अर्धा भाग करडा दिसतो आणि व्हिडिओ मध्येच तुटतो. महत्त्वाच्या फायली एकेक उघडून पाहाव्यात.

तज्ज्ञाकडे जाताना

तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ आलीच, तर डिस्क उघडण्याआधी लेखी अंदाज मागावा, काम धूळविरहित कक्षात होणार का आणि डेटा मिळाला नाही तर शुल्क किती हे विचारावे, आणि पैसे देण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी पाहावी. आधी कोणी झाकण उघडले असेल तर ते लपवू नये. डिस्क नेताना ती जाड फोममध्ये गुंडाळावी आणि दुचाकीच्या डिकीत टाकू नये.

एसएसडीच्या बाबतीत खटखट नसते आणि बहुधा पूर्वसूचनाही नसते. ती दिसत असेल तर वरच्याच पद्धतीने प्रत काढता येते. दिसेनाशी झाली तर घरगुती उपाय जवळपास संपतात. तिच्यावरून चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही कमी असते, कारण ट्रिम या सोयीमुळे पुसलेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच लवकर रिकाम्या करते.

सगळे हाती लागल्यावर प्रतिमा-फाइल आणि मॅप फाइल लगेच पुसू नयेत. निदान वर्षभर तरी ठेवाव्यात. काय राहून गेले हे आज आठवत नाही, जुलैमध्ये विवरणपत्र भरायला बसल्यावर आठवते, आणि तेव्हा ती प्रत कपाटात असेल तर पुन्हा जोडून शोधता येते.